टाळी एका हाताने वाजत नाही

भूमितीचा सिद्धांत सोडवताना आपण ‘समजा’ या शब्दाने सुरुवात करतो. आजही तशीच सुरुवात करू या. समजा, एका शाळेच्या सातवीच्या वर्गात अविनाश आणि मीरा अशी दोन मुले आहेत.

अविनाशला एका जागी स्वस्थ बसवत नाही. बाकाखाली त्याचे पाय सारखे हलत असतात. बाईंचा प्रश्न पुरा होण्याआधीच तो उत्तर ओरडून मोकळा होतो. क्रिकेट खेळताना दुसऱ्याची पाळी असली तरी बॅट याच्या हातात! कंपासपेटी घरी राहते, डबा रिक्षात राहतो. ‘तुझे पुस्तक उद्या नक्की आणतो,’ असे त्याने एका मित्राला तीनदा सांगितले आणि तिन्ही वेळा तो विसरला. मग त्या मित्राने पुस्तक मागणे सोडले. काही दिवसांनी बोलणेही सोडले.

मीराची तऱ्हा वेगळी. तिला आगगाड्यांचे वेड आहे. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी पहिल्यांदा धावली, हे ती झोपेतून उठवले तरी सांगेल. पण एकदा गाड्यांविषयी बोलू लागली की ऐकणारा कंटाळला आहे, हे तिच्या लक्षात येत नाही. बोलताना ती समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाही. शाळेची घंटा वाजली की दोन्ही कानांवर हात ठेवते. कोणी टोमणा मारला, ‘तू फारच शहाणी आहेस हं!’ तर ती सरळपणे ‘थँक्यू’ म्हणते, आणि सगळे हसतात. मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीजवळ एकटीच बसून डबा खाते.

वर्गाने दोघांचा निकाल केव्हाच लावून टाकला आहे. अविनाश आगाऊ आणि मीरा शिष्ट! हा निकाल बरोबर आहे का? विज्ञान याविषयी काय सांगते, ते आज पाहू या.

दोन नावे

अविनाशसारख्या मुलांच्या स्थितीला ‘अवधान-न्यूनता व अतिचंचलता’ असे लांबलचक नाव आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एडीएचडी म्हणतात. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. जगभरातील अनेक पाहण्यांचा मेळ घालून २००७ साली एक अंदाज काढण्यात आला. त्यानुसार शंभरातील सुमारे पाच मुलामुलींमध्ये ही स्थिती आढळते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात साधारण दोन. ती सगळीच धडपडी असतात असे मात्र नाही. काही जण, विशेषतः पुष्कळ मुली, शांत बसलेल्या दिसतात. मन मात्र खिडकीबाहेर दूर कुठेतरी भटकत असते.

मीराच्या स्थितीला ‘स्वमग्नता’ किंवा ऑटिझम म्हणतात. अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अशा ११ मुलांची तपशीलवार माहिती प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनीही अशाच मुलांविषयी लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगातील साधारण १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. काही स्वमग्न मुले अजिबात बोलत नाहीत, त्यांना रोजच्या कामातही मदत लागते. काही मीरासारखी भरभरून बोलतात. कित्येकांमध्ये स्वमग्नता आणि एडीएचडी या दोन्ही गोष्टी एकत्र असतात.

हे आईवडिलांच्या वागण्यामुळे होते का? एके काळी तसे मानले जाई. मुलावर माया न करणाऱ्या आईमुळे स्वमग्नता येते, असे काही तज्ज्ञ सांगत आणि बिचाऱ्या आयांना दोष देत. पण १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास केला. एकरूप जुळ्यांपैकी एक स्वमग्न असेल तर दुसराही तसाच असण्याचा संभव अधिक असतो, असे त्यांना दिसले. म्हणजे मूळ कारणांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लसीमुळे स्वमग्नता येते, ही समजूतही अनेक मोठ्या अभ्यासांनी खोटी ठरवली आहे. शिवाय हा संसर्गजन्य आजार नव्हे. शेजारी बसल्याने तो कोणाला ‘लागत’ नाही.

पायडल तयार, ब्रेक उशिरा

आता अविनाशच्या डोक्यात डोकावू या. आपल्या मेंदूचा कपाळामागचा भाग फार महत्त्वाचे काम करतो. ‘थांब, आधी विचार कर’, ‘आपली पाळी अजून आली नाही’, ‘उद्या पुस्तक न्यायचे आहे’, असे तो आपल्याला बजावत असतो. मूल वाढत असताना मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी आधी वाढते आणि एका वयानंतर कमी होऊ लागते. अमेरिकेतील फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एडीएचडी असलेल्या २२३ मुलांच्या मेंदूंची चित्रे तितक्याच इतर मुलांच्या चित्रांशी ताडून पाहिली. इतर मुलांमध्ये आवरणाच्या निम्म्या भागाने आपली कमाल जाडी सुमारे साडेसातव्या वर्षी गाठली होती. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये ते वय होते सुमारे साडेदहा! हा उशीर कपाळामागच्या भागात सर्वांत जास्त होता. उलट स्नायूंना हालचालीचे हुकूम देणारा भाग त्यांच्यात थोडा आधीच तयार झालेला आढळला.

एखाद्या सायकलचे पायडल आधी बसवले आणि ब्रेक मागाहून बसवले, तर काय होईल? अविनाशचे नेमके तेच होते. तो मुद्दाम वचन मोडत नाही. पुस्तक आणायचे त्याच्या मनात खरोखरच असते. पण सकाळी दप्तर भरताना ती आठवण वेळेवर वर येत नाही. अर्थात हे सारे आकडे सरासरीचे आहेत. कित्येकांचा हा त्रास वयाबरोबर कमी होतो, तर कित्येकांना तो मोठेपणीही पुरतो.

न गाळता येणारे आवाज

मीराला घंटेचा इतका त्रास का व्हावा? हे वाचताना तुमच्या आसपास पंख्याची घरघर असेल, रस्त्यावरचा भोंगा असेल, स्वयंपाकघरातले भांड्यांचे आवाज असतील. तुमचा मेंदू यातले बरेचसे चहासारखे गाळून टाकतो. अनेक स्वमग्न माणसांच्या बाबतीत ही गाळणी निराळ्या रीतीने काम करते. पंखा, भोंगा, भांडी आणि मैत्रिणीचे बोलणे असे सगळे सारख्याच जोराने आत शिरते. काहींना उजेड किंवा कपड्याचा खरखरीत स्पर्शही असह्य होतो. मधल्या सुट्टीच्या गोंगाटात अशा मुलीला बोलणे समजून घ्यायला किती श्रम पडत असतील, याची कल्पना करा. ती टाकीजवळ जाऊन बसते, कारण तिथे गोंगाट कमी असतो.

मग तिला मैत्रिणी नकोच आहेत का? ‘स्वमग्न’ या शब्दावरून तसे वाटते खरे. पण २००० साली निरित बाउमिंगर आणि कॉनी कसारी यांनी बोलू शकणाऱ्या स्वमग्न मुलांनाच त्यांच्या एकटेपणाविषयी विचारले. ती मुले इतर मुलांपेक्षा जास्त एकाकी होती, असे उत्तर आले. टाकीजवळ बसलेली मीरा शांत दिसते, म्हणून ती सुखात आहे असे आपण समजतो. ते पुष्कळदा चुकीचे असते. काही मुली तर इतरांसारखे हसणे-बोलणे पाठ करून दिवसभर निभावून नेतात आणि घरी गेल्यावर थकव्याने रडू लागतात.

गोटी कुठे शोधेल?

१९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी एक साधा पण गाजलेला प्रयोग केला. सॅली आणि अ‍ॅन नावाच्या दोन बाहुल्या घेतल्या. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्या मागे अ‍ॅन ती गोटी काढून पेटीत ठेवते. सॅली परत येते. आता ती गोटी कुठे शोधेल?

तुम्ही म्हणाल, टोपलीत! कारण गोटी हलवलेली तिला ठाऊकच नाही. पण २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी पेटीकडे बोट दाखवले. स्वतःला माहीत असलेली गोष्ट सॅलीला माहीत नाही, हे त्यांना उमगले नाही. यावरून स्वमग्न मुलांना दुसऱ्याच्या मनात शिरणे अवघड जाते, असा निष्कर्ष निघाला. मैत्री न जमण्याचे कारण सापडले, असे अनेकांना वाटले.

परंतु चार मुलांनी बरोबर उत्तर दिले होते, हेही विसरता येत नाही. आणि आणखी एक प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. मीराला आपले मन कळत नाही हे खरे. पण आपल्याला मीराचे मन कळते का? ती कानांवर हात का ठेवते, हे वर्गातल्या किती जणांना कळले होते?

हा प्रश्न २०१२ साली डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने ठामपणे मांडला. मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. त्यांचे म्हणणे असे, की दोन वेगळ्या घडणीची माणसे भेटली तर गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. त्याचा दोष एकट्या स्वमग्न माणसावर टाकणे बरोबर नाही.

कानगोष्टींचा खेळ

म्हणणे आकर्षक असले तरी ते तपासून पाहिल्याशिवाय विज्ञान ते मान्य करत नाही. त्यासाठी कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्क तुमच्या ओळखीचा खेळ निवडला. एकाने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायची. शेवटी किती तपशील उरतो ते मोजायचे. आठ-आठ प्रौढ माणसांच्या नऊ साखळ्या केल्या. काही साखळ्यांत सगळे स्वमग्न, काहींत कोणीच नाही, तर काहींत दोन्ही मिसळलेले. २०२० साली प्रसिद्ध झालेला निकाल असा होता : फक्त स्वमग्न माणसांची साखळी इतरांच्या साखळीइतकीच चांगली ठरली. गोष्टीचा तपशील जास्त गळला तो मिश्र साखळ्यांत!

पुढे याच संशोधकांनी हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर, ३११ जणांना घेऊन केला. तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. या वेळी मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत. पहिला निकाल पुन्हा मिळाला नाही, हे संशोधकांनी प्रामाणिकपणे सांगितले. मात्र दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक म्हणजे, स्वमग्न माणसे माहिती सांगण्यात आणि समजून घेण्यात इतरांपेक्षा कमी नाहीत. दुसरी म्हणजे, दोन्ही गटांतील लोकांना आपल्यासारख्याच माणसाशी बोलणे अधिक आवडले. म्हणजे गोष्ट पोचते, पण सूर जुळायला वेळ लागतो.

हा सूर बिघडतो किती लवकर? नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली काही सेकंदांच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या. त्यात कोण स्वमग्न आहे, हे सांगितले नव्हते. तरीही पाहणाऱ्यांनी स्वमग्न माणसांना कमी पसंती दिली आणि त्यांच्याशी बोलायला फारशी उत्सुकता दाखवली नाही. मग तेच बोलणे कागदावर लिहून वाचायला दिले, तेव्हा हा फरक नाहीसा झाला! नापसंती शब्दांना नव्हती. ती आवाजाच्या चढउताराला, चेहऱ्याला आणि हातवाऱ्यांना होती.

एडीएचडी असलेल्या मुलांचे काय? १९९४ साली ड्रू एर्हार्ट आणि स्टीफन हिन्शॉ यांनी अमेरिकेतील एका उन्हाळी शिबिरात हे पाहिले. शिबिरातील मुले एकमेकांना पूर्वी ओळखत नव्हती. पहिल्याच दिवसाच्या अखेरीस एडीएचडी असलेल्या बहुतेक मुलग्यांना इतरांनी नापसंत करून टाकले होते. विचार करा, एका दिवसात निकाल! आणि असा शिक्का बसला की तो पुसणे फार कठीण. डॉक्टरांनी दिलेल्या औषधांनी अविनाशचे अवधान सुधारू शकते. पण वर्गाने मारलेला शिक्का गोळीने पुसला जात नाही.

शिकवायचे कोणाला?

मैत्री जमवायची तर आजवर एकच मार्ग वापरला जाई. अविनाशला शिकवा, मीराला शिकवा : असे बोल, असे बस, डोळ्यांत पाहा. पण टाळी एका हाताने वाजत नाही. मग दुसऱ्या हातालाही शिकवून पाहिले तर?

कॉनी कसारी यांनी २०१२ साली ६० स्वमग्न मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. ही मुले साध्या शाळांत शिकत होती. काही ठिकाणी तज्ज्ञांनी त्या मुलालाच शिकवले. काही ठिकाणी त्या मुलाला हातही लावला नाही. त्याच्या वर्गातील तीन मुलांना घेऊन, एकट्या पडलेल्या मुलाला खेळात कसे घ्यावे, हे शिकवले. काही ठिकाणी दोन्ही केले आणि काही ठिकाणी काहीच नाही. वर्गसोबत्यांना शिकवले होते तिथे त्या मुलाला मित्र म्हणणाऱ्यांची संख्या वाढली आणि मैदानावरचे त्याचे एकटेपण कमी झाले.

अमोरी मिकामी यांनी एडीएचडीबाबत असाच प्रयोग केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. उन्हाळी वर्गात अशी २४ मुले आणि इतर ११३ मुले होती. एका पद्धतीत फक्त मुलाचे वागणे सुधारण्यावर भर होता. दुसऱ्या पद्धतीत त्याबरोबरच शिक्षक सर्वांसमोर त्या मुलाचे चांगले गुण सांगत, त्याच्याशी आपुलकीने वागत आणि कोणाला वगळायचे नाही हा वर्गाचा नियमच करत. दुसऱ्या पद्धतीत त्या मुलांना जास्त पसंती आणि जास्त मित्र मिळाले. हा लाभ मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक दिसला. मुलींच्या बाबतीत काय करावे, याचा शोध अजून पुरा व्हायचा आहे.

घोडे आणि अग्निबाण

आता एक खरीखुरी हकिगत ऐका. अमेरिकेत १९४७ साली टेम्पल ग्रँडिन नावाची मुलगी जन्मली. साडेतीन वर्षांची होईपर्यंत ती बोलत नव्हती. पुढे बोलू लागली, तेव्हा तीच तीच वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणे; म्हणून शाळेतील मुले तिला ‘टेपरेकॉर्डर’ म्हणून चिडवत. एकदा चिडवणाऱ्या मुलीवर तिने पुस्तक फेकले आणि शाळेने तिला काढून टाकले. मग ती एका निवासी शाळेत गेली. तिथे घोडे होते आणि विल्यम कार्लॉक नावाचे विज्ञानशिक्षक होते. घोडेस्वारी, इलेक्ट्रॉनिक्स, अग्निबाणांच्या प्रतिकृती हे ज्यांचे छंद होते, त्या मुलांशी तिची मैत्री जमली. तिथे तिला कोणी चिडवत नसे, असे तिने पुढे वारंवार सांगितले आहे. हीच मुलगी मोठेपणी कोलोरॅडो राज्य विद्यापीठात पशुविज्ञानाची प्राध्यापक झाली. गुरे न घाबरता पुढे सरकतील असे वक्राकार मार्ग तिने आखले आणि ते अनेक देशांत वापरले गेले.

या हकिगतीतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. नुसत्या गप्पा मारत बसण्यापेक्षा हातात एखादे काम असले, की अशा मुलांशी मैत्री लवकर जमते. मीराला ‘काय मग, कशी आहेस?’ एवढेच विचारले तर ती गोंधळेल. ‘विज्ञान प्रदर्शनासाठी आगगाडीच्या सिग्नलची प्रतिकृती करू या का?’ असे विचारून पाहा! अविनाशला चिठ्ठी लिहून दप्तराला अडकवून द्या, पुस्तक येईल. खेळात त्याला दूर उभे करण्यापेक्षा धावाधाव असलेली जागा द्या. मीराशी बोलताना टोमणे नकोत. जे म्हणायचे ते सरळ म्हणा. गाड्यांविषयी पुरे झाले असेल तर ‘आता मला दुसरे काही सांगायचे आहे’ असे सांगा. तिला राग येत नाही, उलट कळते. अविनाशने ढकलले तर तेही त्याला स्पष्ट सांगा. मैत्री म्हणजे सगळे मुकाट्याने सोसणे नव्हे.

आणखी एक. हा लेख वाचून वर्गातल्या कोणाला ‘तू एडीएचडी आहेस’ असे म्हणू नका. निदान करणे हे तज्ज्ञ डॉक्टरांचे काम आहे. शिवाय मधल्या सुट्टीत कोण एकटे बसले आहे, हे कळायला निदानाची गरज लागत नाही.

करून पाहा

१. डोळे मिटून दोन मिनिटे बसा. ऐकू येणारा प्रत्येक आवाज मोजा आणि मग वहीत लिहा. एरवी यातले किती आवाज तुमच्या लक्षातही येत नव्हते? हे सगळे सारख्याच मोठ्याने ऐकू येत असताना पाढे म्हणता येतील का?

२. एक आठवडाभर मधल्या सुट्टीत कोण कोणाबरोबर डबा खातो, याची मनातल्या मनात नोंद करा. एखादे मूल रोज एकटे दिसले, तर सोमवारी आपला डबा घेऊन त्याच्याजवळ जा. पहिल्या दिवशी ते काही बोलणार नाही कदाचित. निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. प्रयोग निदान पंधरा दिवस चालू ठेवा.